आंतरराष्ट्रीय एमी: पहिल्यांदाच पाहणाऱ्यांसाठी वाटाड्या

नोव्हेंबर संपत आला की एखाद्या मंगळवारी सकाळी बातमी येते: एमी पुरस्कारांत भारताच्या पदरी निराशा. मग कुणी म्हणतं, अरे, एमी सप्टेंबरातच झाले ना? कुणी म्हणतं, ते वेगळे, हे वेगळे. पण जिंकलं कोण, ते कुठल्या देशातलं, आणि आपल्याला घरबसल्या बघता येईल का, हे मात्र कुणी सांगत नाही. मला या पुरस्कारांची गोडी लागली ती निकालांमुळे नाही, नामांकनांच्या यादीमुळे. जगभरच्या टीव्हीवर मागच्या वर्षी काय चांगलं झालं, याची इतकी आटोपशीर यादी मला तरी दुसरीकडे सापडलेली नाही. यंदा पहिल्यांदाच हे प्रकरण नीट बघायचं ठरवलं असेल, तर या क्रमाने जा.

पहिली पायरी: आधी कोणते एमी ते ठरवा

एमी नावाचा पुरस्कार एक नाही आणि तो देणारी संस्थाही एक नाही. तीन वेगळ्या संस्था आहेत. लॉस एंजेलिसची टेलिव्हिजन अकादमी प्रायमटाइम एमी देते. लाल गालिचा आणि सप्टेंबरमधला गाजावाजा तो हाच. दुसरी संस्था न्यूयॉर्कची, ती अमेरिकेतल्या बातम्या, खेळ, दुपारचे कार्यक्रम यांचे एमी देते. आणि तिसरी इंटरनॅशनल अकादमी ऑफ टेलिव्हिजन आर्ट्स अँड सायन्सेस. तीही न्यूयॉर्कचीच, १९६९ साली स्थापन झालेली. अमेरिकेबाहेर तयार झालेल्या कार्यक्रमांना आंतरराष्ट्रीय एमी देणारी ती हीच. पहिला सोहळा १९७३ साली झाला.

‘एमी’ हे कुणा बाईचं नाव नाही, बरं का. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यात इमेज ऑर्थिकॉन नावाची नळी असायची. तंत्रज्ञ तिला लाडाने ‘इमी’ म्हणत, त्याचं झालं एमी. पुरस्काराची बाहुली, म्हणजे हातात अणू धरलेली ती पंखवाली स्त्री, लुई मॅकमॅनस या अभियंत्याने घडवली आणि त्यासाठी नमुना म्हणून आपल्या पत्नीलाच उभं केलं. पंख कलेचे, अणू विज्ञानाचा.

आता खरी गल्लत इथे होते. ‘स्क्विड गेम’ कोरियाचं, मग त्याला २०२२ साली लॉस एंजेलिसला एमी कसे मिळाले? ‘अडोलसन्स’ तर अस्सल ब्रिटिश, तेही २०२५ मध्ये प्रायमटाइमला कसं? याचं उत्तर पैशाच्या आणि भागीदारीच्या वाटेने जातं. अमेरिकी कंपनी निर्मितीत भागीदार असेल आणि कार्यक्रम अमेरिकेतही दाखवायच्या हेतूने बनला असेल, तर तो प्रायमटाइमच्या स्पर्धेत उतरू शकतो. एकाच कार्यक्रमाला दोन्ही दारं ठोठावता येत नाहीत, त्यामुळे निर्माते आधीच ठरवतात कुठे जायचं. म्हणून आंतरराष्ट्रीय एमीच्या यादीत परदेशातलं सगळंच गाजलेलं काम सापडेल अशी अपेक्षा ठेवू नका. काही मोठी नावं आधीच दुसऱ्या दाराने आत गेलेली असतात. याचा एक फायदाही आहे. ज्यांचं नाव आपल्या कानावर कधीच आलं नसतं, अशा कामांना इथे जागा मिळते.

दुसरी पायरी: वर्षाचं गणित जमवा

हे गणित कळलं की निम्मे प्रश्न सुटतात. स्पर्धेसाठी मागच्या वर्षी, म्हणजे जानेवारी ते डिसेंबर या काळात प्रसारित झालेलं काम धरतात. प्रवेशिका डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत येतात, मग परीक्षणाच्या फेऱ्या, सप्टेंबरात नामांकनं आणि नोव्हेंबरात सोहळा.

‘देल्ही क्राइम’ नेटफ्लिक्सवर आली मार्च २०१९ मध्ये, आणि सर्वोत्तम ड्रामा मालिकेचा पुरस्कार मिळाला नोव्हेंबर २०२० मध्ये. विनोदवीर वीर दासचा एकपात्री कार्यक्रम ‘लँडिंग’ आला २०२२ च्या डिसेंबरमध्ये, अगदी वर्ष संपता संपता, आणि २०२३ मध्ये जिंकला. इम्तियाज अलीचा ‘अमर सिंह चमकीला’ एप्रिल २०२४ चा, त्याचं नामांकन २०२५ चं. तेव्हा गेल्या महिन्यात पाहिलेली मालिका या नोव्हेंबरच्या यादीत शोधू नका. तिची पाळी पुढच्या वर्षी.

तिसरी पायरी: यादी वाचायला शिका

सप्टेंबरात यादी जाहीर होते ती अकादमीच्या संकेतस्थळावर. आपल्या बातम्यांत मात्र त्यातली भारतीय नावं तेवढी उचललेली असतात. तसं करू नका, पूर्ण यादी उघडा. ती लांबलचक नसते. प्रत्येक विभागात चार नामांकनं. २०२३ आणि २०२४ मध्ये १४ विभाग होते, म्हणून ५६ नामांकनं. २०२५ मध्ये बातम्यांचे दोन विभाग धरून १६, म्हणजे ६४. चहा निवायच्या आत वाचून होते.

प्रायमटाइमच्या सवयीने ही यादी पाहाल तर बुचकळ्यात पडाल. तिकडे शंभरावर विभाग असतात, वेशभूषेपासून केशरचनेपर्यंत. इथे दिग्दर्शकाला वेगळा पुरस्कार नाही, लेखकाला नाही, सहायक भूमिकांना नाही. पुरस्कार संपूर्ण कार्यक्रमाला. व्यक्तीला मिळतात ते दोनच: सर्वोत्तम अभिनेता आणि सर्वोत्तम अभिनेत्री. त्यातही मालिका, विनोदी कार्यक्रम, टीव्हीसाठीचा चित्रपट असे कप्पे नाहीत, सगळे एकाच आखाड्यात. लेखकाला वेगळा मान नाही हे मला खटकतं. टीव्ही हे लेखकाचं माध्यम आहे, असं सगळेच मान हलवत म्हणतात आणि पुरस्कार द्यायची वेळ आली की विसरतात.

एकाच आखाड्याची गंमत मात्र २०२० मध्ये दिसली. अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला १३ वर्षांच्या बिली बॅरटला, खुनाचा खटला चालवल्या जाणाऱ्या लहान मुलाच्या भूमिकेसाठी. अभिनेत्रीचा पुरस्कार ८४ वर्षांच्या ग्लेंडा जॅक्सन यांना, स्मृतिभ्रंशात हरवलेल्या मैत्रिणीला शोधणाऱ्या म्हातारीच्या भूमिकेसाठी. त्याच रात्री ‘देल्ही क्राइम’ जिंकली, म्हणून आपल्याकडे या दोघांचं नावही कुणी घेतलं नाही.

चित्रपट टीव्हीच्या यादीत कसा, हाही नेहमीचा प्रश्न. चित्रपटगृहात न जाता थेट ओटीटीवर आलेली कलाकृती इथे टीव्ही चित्रपट म्हणून धरली जाते, आणि तिचा विभाग मिनी-सीरीजबरोबर एकत्र असतो. ‘चमकीला’ तिथेच होता, आणि त्याच कामासाठी दिलजीत दोसांझ अभिनेत्यांच्या चौघांत. २०१९ मध्ये ‘लस्ट स्टोरीज’ याच विभागात होती, आणि त्यातल्या भूमिकेसाठी राधिका आपटे अभिनेत्रींच्या विभागात. पुण्यात वाढलेली, ‘आसक्त’च्या नाटकांतून पुढे आलेली राधिका आणि तिच्यासमोर ‘सैराट’चा आकाश ठोसर: त्या वर्षीच्या यादीत आपल्या ओळखीचं इतकं काही होतं, पण त्यावर मराठीत फारसं बोललं गेल्याचं मला आठवत नाही. पुरस्कार हंगेरीच्या मारिना गेराला मिळाला.

आता टेलिनोव्हेला. या विभागाकडे बहुतेक जण काणाडोळा करतात, आणि मराठी प्रेक्षकाने तर मुळीच करू नये. टेलिनोव्हेला म्हणजे लॅटिन अमेरिकेतली रोजची मालिका. आपल्या संध्याकाळच्या सात ते दहाच्या मालिकांची ही सख्खी मावसबहीण: कुटुंब, वारसा, लपवलेलं जन्मरहस्य, लग्नमंडपात येणारं वादळ, सगळं आहे. फरक एकच, पण फार मोठा. टेलिनोव्हेलाला शेवट असतो. कथा कुठे संपणार हे धरून ती सुरू होते आणि काही महिन्यांत आटोपते. टीआरपी चांगला आहे म्हणून नायिकेची जुळी बहीण दुबईहून आणायची सोय तिथे कमी. (शेवटाचं हे पथ्य आपल्याकडे पाळलं गेलं असतं, तर किती चांगल्या मालिका चांगल्या म्हणूनच लक्षात राहिल्या असत्या.)

२००९ साली या विभागात जिंकलेली ब्राझीलची ‘कामिन्यो दास इंडियास’ नक्की माहीत असावी. अर्धी गोष्ट भारतात घडते. ब्राझिलियन नट-नट्या साड्या-शेरवानी नेसून पोर्तुगीज बोलतात आणि मध्येच ‘अरे बाबा’ आणि ‘अच्छा’ म्हणतात. ते ‘अरे बाबा’ ब्राझीलमध्ये घरोघरी पोचलं. आपल्याला ती मालिका पाहताना हसू येईल, थोडा रागही येईल, आणि मग वाटेल की परदेश दाखवणाऱ्या आपल्या मालिका तिकडच्यांना नेमक्या अशाच दिसत असतील. ब्राझीलच्या मक्तेदारीला नंतर तुर्कस्तानने धक्का दिला: २०१७ मध्ये ‘कारा सेवदा’, २०२३ मध्ये ‘यार्गी’. मधल्या २०२२ मध्ये कोरियाची ‘द किंग्ज अफेक्शन’. हा विभाग ओळीने चार वर्षं पाहिलात, तर रोजच्या मालिकेचा बाजार जगात कुठून कुठे सरकतोय ते आपोआप कळतं.

यादीत आणखी एक गोष्ट शोधायची: मूळ कुठलं आणि रूपांतर कुठलं. २०२१ मध्ये सुश्मिता सेनची ‘आर्या’ ड्रामा विभागात होती, ती मूळ डच मालिकेवरून घेतलेली. २०२४ ची आपली ‘द नाइट मॅनेजर’ ब्रिटिश मालिकेवरून. उलट २०२१ मध्ये विनोदी विभागात वीर दासच्या ‘फॉर इंडिया’ला हरवणारी फ्रेंच ‘कॉल माय एजंट’, तिची तर त्याच वर्षी मुंबईत हिंदी आवृत्ती निघाली होती. रूपांतर करणं हे कमीपणाचं नाही. मराठी रंगभूमी तर त्यावरच कितीदा तरली आहे. पण चार कामांत एक रूपांतर असेल, तर आधी मूळ पाहा. परीक्षकांनी काय तोललं असेल ते कळायला मदत होते.

चौथी पायरी: सगळं पाहू नका

साठ कामं कुणी पाहत नाही. मी एक सोपा नियम केला आहे: दर वर्षी एका विभागातली चारही, आणि बाकी कुठूनही दोन. चारही पाहिली की निकालावर मत बनवायचा हक्क आपोआप मिळतो. जस्टवॉचसारख्या संकेतस्थळावर नाव घातलं की भारतात ते कुठे उपलब्ध आहे ते दिसतं. काही मिळणारच नाहीत. त्याला इलाज नाही, यादीतलं पुढचं नाव घ्या.

अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी जुन्या विजेत्यांपासून करावी. ड्रामा विभागात २०१८ ला स्पेनची ‘मनी हाइस्ट’ जिंकली, ती तुम्ही पाहिलीच असेल. मग २०२१ ची इस्रायली ‘तेहरान’ घ्या, शत्रूच्या शहरात अडकलेल्या हेर मुलीची गोष्ट. २०२३ ची जर्मन ‘द एम्प्रेस’ ही ऑस्ट्रियाच्या एलिझाबेथ राणीवर. २०२४ ची ‘ड्रॉप्स ऑफ गॉड’ एका वाइनच्या वारशाभोवती फिरते, मूळ जपानी चित्रकथा आणि अर्धी फ्रेंच, अर्धी जपानी. मला विचाराल तर या सगळ्यांत आधी तुर्कस्तानची ‘शहसियेत’ शोधा. निवृत्त कोर्ट कारकुनाला अल्झायमर झाल्याचं कळतं, आणि आता सगळं विसरायचंच आहे तर राहून गेलेला न्याय आपणच करून टाकू, असं तो ठरवतो. हालुक बिल्गिनेर यांना यासाठी २०१९ चा अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.

पाहताना डबिंग बंद, सबटायटल चालू. पहिली वीस मिनिटं डोळ्यांची ओढाताण होते, नंतर लक्षातही येत नाही.

पाचवी पायरी: सोहळ्याची सकाळ

सोहळा अलीकडे बहुतेक वेळा नोव्हेंबरच्या उत्तरार्धातल्या सोमवारी संध्याकाळी, न्यूयॉर्कच्या हिल्टन मिडटाउन हॉटेलात असतो: २०२३ ला २० नोव्हेंबर, २०२४ ला २५, २०२५ ला २४. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं. तिकडे रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे मंगळवारी सकाळचे साडेसहा. रात्र जागवायची गरज नाही, पहाटे उठलं तरी पुरतं. थेट प्रक्षेपणाचा दुवा अकादमीच्या संकेतस्थळावर पाहा.

ऑस्करसारखा भव्य तमाशा डोळ्यांपुढे ठेवून बसाल तर कंटाळाल. हे मुळात व्यवसायातल्या माणसांचं जेवण आहे. गोल टेबलं, काळे सूट, मध्ये मध्ये पुरस्कार. पण भाषणं मात्र चुकवू नका. पोर्तुगीज, तुर्की, थाई बोलणारी माणसं दुसऱ्याच्या भाषेत घाईघाईने आपल्या घरच्यांचे आभार मानत असतात. २०२४ मध्ये सूत्रसंचालन वीर दासचं होतं. तीन वर्षांपूर्वी तो याच पुरस्कारात हरला होता आणि आदल्या वर्षी जिंकला होता.

सोहळ्याआधीच्या दिवसांत तिथे नामांकित निर्मात्यांच्या चर्चा होतात आणि प्रत्येक नामांकिताला पदक दिलं जातं. सोशल मीडियावर आपल्या कलाकाराच्या गळ्यात पदक दिसलं की ‘जिंकलो!’ म्हणून मेसेज पुढे ढकलू नका. पदक म्हणजे नामांकन. बाहुली म्हणजे पुरस्कार.

सहावी पायरी: बातमी चाळून घ्या

‘एमीवर भारताची मोहोर’ या मथळ्याखाली तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक, नामांकन. शेफाली शाह आणि जिम सर्भ २०२३ मध्ये अंतिम चौघांत होते, नवाझुद्दीन सिद्दीकी २०२१ मध्ये. चार जणांत येणं ही मोठीच गोष्ट आहे, पण ते जिंकणं नव्हे. दोन, स्पर्धेतला विजय. त्यातही बारकावा असतो: वीर दासचा २०२३ चा विजय उत्तर आयर्लंडची पार्श्वभूमी असलेल्या ‘डेरी गर्ल्स’बरोबर विभागून होता. आणि तीन, सन्मान.

सन्मान परीक्षकांच्या फेऱ्यांतून येत नाही, अकादमी स्वतः देते. डायरेक्टरेट पुरस्कार टीव्ही उद्योग उभारणाऱ्यांसाठी असतो. भारतातून २०११ मध्ये झीचे सुभाष चंद्र आणि २०२३ मध्ये एकता कपूर यांना तो मिळाला. एकता कपूरच्या मालिका आवडोत न आवडोत, पण सन्मान एका मालिकेला नाही, पंचवीसेक वर्षांच्या उद्योगाला होता, एवढं लक्षात घेऊन वाद घाला. सन्मानाचं सोनं नेहमीच बावनकशी निघतं असंही नाही. २०२० मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांना कोरोनाकाळातल्या पत्रकार परिषदांसाठी फाउंडर्स पुरस्कार दिला गेला. पुढच्याच वर्षी त्यांना पद सोडावं लागलं आणि अकादमीने तो काढून घेतला.

सातवी पायरी: आपलं काम पाठवायचं असेल तर

हे वाचणाऱ्यांत दोन-चार जण तरी कॅमेऱ्यामागचे असतील. प्रवेशिका ऑनलाइन भरायची, शुल्क असतं, आणि ते दर वर्षीच्या नियमावलीत बघायचं. त्याच नियमावलीतून आपला विभागही नीट ठरवा. चांगलं काम चुकीच्या विभागात गेलं तर तिथेच अडकतं. परीक्षण टप्प्याटप्प्याने होतं आणि परीक्षक वेगवेगळ्या देशांतले, या धंद्यातलेच लोक असतात. तिशीच्या आतल्या, अमेरिकेबाहेरच्या लेखकांसाठी अकादमीच्या प्रतिष्ठानाचा पीटर उस्टिनोव्ह यांच्या नावाचा संहितालेखन पुरस्कारही आहे. त्यासाठी संहिता इंग्रजीत लिहावी लागते.

बाकी सगळं जमेल, पण एका गोष्टीवर पैसे आणि वेळ दोन्ही घालवा: इंग्रजी सबटायटल. ती लागतातच, आणि रिओ किंवा इस्तंबूलमधल्या परीक्षकाला तुमचं लेखन तेवढंच कळणार असतं. मराठीत नवरा-बायकोच्या भांडणात ‘अहो’चं ‘अरे’ झालं की प्रेक्षक सावरून बसतो. सासू एरवी ‘अगं’ म्हणते आणि एके दिवशी ‘तुम्ही’ म्हणते, तेव्हा घरात किती थंडी पडली ते आपल्याला कळतं. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. ‘सेक्रेड गेम्स’मध्ये जितेंद्र जोशीचा काटेकर घरी बायकोशी जे बोलतो, त्याची खालची इंग्रजी ओळ एकदा मुद्दाम वाचून बघा, काय पोचलं आणि काय वाटेत सांडलं ते दिसेल. ज्याला दोन्ही भाषांतले संवाद कानाने कळतात, असा माणूस शोधा. संकलनानंतर उरलेल्या दोन दिवसांत हे काम कुणाच्या तरी भाच्याकडून उरकून घेऊ नका. शोधलेल्या माणसाला संहिता द्या, दिग्दर्शकाशेजारी बसवा, आणि मग ज्याला मराठीचं अक्षर कळत नाही अशा कुणाला तरी आवाज बंद करून एक भाग दाखवा. तो योग्य जागी हसला, की प्रवेशिका भरायला घ्या.